लिंबू, मीठ आणि तांबं

हिंजवडीशेजारच्या माणमध्ये मी भाड्यानं राहते त्या घरच्या काकूंनी खोली देताना मला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. मटण-मच्छी करतेस का, आणि सोडायला-बिडायला कोणी येतं का. खोलीत ॲसिड ठेवतेस का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही आणि आपणहून सांगायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे सुचलं होतं, सांगितलं नाही.

मी लातूरची. इथं आयटी पार्कात नोकरी करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना त्या गोड शब्दांत कळवायच्या, हे माझं काम. पहिला भाग मला छान जमतो. दुसऱ्या भागाबद्दल माझ्या साहेबांचं मत वेगळं आहे. दिवसभर असं हाताला न लागणारं काम केलं की संध्याकाळी हात शिवशिवतात. कोणी स्वेटर विणतं, कोणी केक करतं. मी सर्किट बोर्ड करते.

यातलं काही ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. रेडिओ, रिमोट, काहीही उघडलं की आत हिरवी पाटी दिसते आणि तिच्यावर बारीक रेघा. त्या रेघा तांब्याच्या असतात, वीज त्यांच्यावरून ये-जा करते. अशी पाटी घरी करायची तर बाजारातून अख्खी तांब्यानं मढवलेली कोरी पाटी आणायची. हव्या त्या रेघांचं चित्र लेझर प्रिंटरवर चकचकीत कागदावर काढायचं आणि गरम इस्त्रीनं तांब्यावर उतरवायचं. मग ती पाटी अशा पाण्यात बुडवायची, की जे उघडं तांबं खाऊन टाकेल आणि काळ्या शाईखालचं सोडून देईल. शाई पुसली की तांब्याच्या रेघा लखलखीत उभ्या. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

आता प्रश्न उरतो तो तांबं खाणाऱ्या पाण्याचा. इथं हौशी माणसांमध्ये जे तट पडतात ते चहात आलं घालावं की वेलदोडा, यावरून पडतात तसेच. प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं.

मी सुरुवात सगळे करतात तशी फेरिक क्लोराइडनं केली. पुण्यात बुधवार पेठेत त्याचे पिवळट खडे मिळतात. पाण्यात टाकले की गडद तपकिरी काढा तयार होतो आणि तो बिचारा आपलं काम निमूटपणे करतो. पण त्याचा डाग जन्मात जात नाही. माझे दोन कुर्ते गेले, बादली गेली, आणि मोरीच्या पांढऱ्या फरशीवर असे शिंतोडे उडाले की काकू एकदा वर आल्या त्या दारातच थबकल्या.

"ह्ये काय गं? पान खातीस व्हय?"

मी गंज आहे म्हणाले, नळाचा. नळ प्लास्टिकचा होता. काकूंनी नळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विषय सोडून दिला.

मग मी दुसऱ्या तटात गेले. हार्डवेअरच्या दुकानातलं संडास धुवायचं ॲसिड आणि मेडिकलमधलं पेरॉक्साइड. हे मिश्रण म्हणजे भुकेलेलं जनावर, पाटी टाकायचा अवकाश की तांबं गायब. डाग नाही, पसारा नाही, स्वस्त. पण त्याची वाफ. मी ते गॅलरीत करायचे, नाकाला ओढणी बांधून. एका पावसाळ्यात गॅलरीचा गज गंजला, कात्री गंजली, दाराची कडी अशी झाली की ती उघडायला लाथ घालावी लागे. गजाला काकूंनी दिवाळीत रंग दिला होता. मुळशीतली हवाच दमट, असं मी त्यांना सांगितलं. "व्हय, दमट तर हायच," असं म्हणून त्यांनी पुन्हा रंग दिला. त्या रंगाचे पैसे मी देऊ का, असंही मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

त्यानंतर अमोनियम परसल्फेट नावाची साखरेसारखी पांढरी पूड मागवली. ती लहरी निघाली. पाणी कोमट लागतं, थंड झालं की रुसते, कालवून ठेवली तर चार दिवसांत तिच्यातला जीव जातो. शिवाय पुड्यावर ज्वाळेचं चित्र होतं. माझी गाद्या-उशांची खोली आणि कपाटात ज्वाळेचं चित्र, हे मला झोपताना सोसेना.

एवढं सांगितलं ते अशासाठी, की मी काय शोधत होते ते कळावं. तेव्हा मला वाटायचं मी चांगलं रसायन शोधतेय. आता वाटतं, ज्याच्याबद्दल खोटं बोलावं लागणार नाही असं काहीतरी शोधत होते.

ते सापडलं. कुठल्यातरी हौशी माणसानं इंटरनेटवर लिहिलं होतं: लिंबूसत्त्व, पेरॉक्साइड आणि चिमूटभर साधं मीठ. बस. किराणा दुकानात आणि मेडिकलमध्ये मिळणारं सामान. वाफ नाही, डाग नाही, वास जवळपास नाहीच. पाटी टाकली की बारीक बुडबुडे येतात आणि पाणी हळूहळू निळसर हिरवं होत जातं, अगदी नवरात्रातल्या साडीसारखं. मला इतका आनंद झाला की मी ते भांडं तसंच घेऊन खाली गेले आणि काकूंना दाखवलं.

काकूंचा आणि माझा तोवर चांगला जम बसला होता. त्याला कारण त्यांची पाण्याची टाकी. मोटर चालू करून सगळे विसरायचे आणि पाणी जिन्यावरून धो धो खाली यायचं. त्यावरून घरात रोज भांडण. मी टाकी भरली की ओरडणारी शिट्टी करून दिली, माझ्याच हातच्या बोर्डावर. तेव्हापासून भाऊकीतल्या कोणत्याही बाईला पाणी द्यायच्या आधी काकू ती शिट्टी वाजवून दाखवत. "आमच्या भाडेकरनीनं केलीय," म्हणत. मला ते आवडायचं. फारच आवडायचं.

"काकू, बघा, बोर्ड मी यात करते," मी म्हणाले. "फक्त लिंबू आणि मीठ."

"आन् निळं कशानं झालं?"

"तांब्यानं."

"मंग चांगलंच की," काकू म्हणाल्या. त्या रोज सकाळी तांब्याच्या तांब्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी पितात. मी हसले. तेव्हा 'चांगलं नाही' असं म्हणायला हवं होतं. ज्या माणसाचं मी वाचलं होतं त्यानंच खाली शेवटी लिहिलं होतं, की उरलेल्या पाण्यात तांबं विरघळलेलं असतं, ते झाडांना आणि माशांना विष, ते मोरीत ओतू नका. ती ओळ मी वाचली होती. आणि मनात म्हटलं होतं, हे जास्तीचं सोवळं आहे, आपण लिंबू-मीठ वापरतोय. निळं पाणी मी मोरीत ओतत गेले. वर बादलीभर साधं पाणी, आपल्या समाधानासाठी.

मोरीचं पाणी कुठं जातं, हा प्रश्न लातुरात वाढलेल्या माणसाला पडत नाही. नालीत जातं, दुसरीकडे कुठं जाणार?

काकूंचं घर म्हणजे आता तीन मजली इमारत आहे, वरच्या दोन मजल्यांवर आम्ही भाडेकरू. मागं परसू म्हणून चिंचोळी पट्टी उरली आहे आणि तिच्या भिंतीपलीकडे कंपन्यांच्या काचा. ती सगळी जमीन कधीकाळी ह्यांच्या भाऊकीची. काकू त्याबद्दल रडत वगैरे नाहीत, जमिनीचा विषय निघाला तर त्या पार्किंगवरून बोलतात. पण त्या पट्टीत त्या कुणाला पाय ठेवू देत नाहीत. लाल माठ, भेंडी, मांडवावर पडवळ, आणि मोरीच्या तोंडाशी अळू. असं अळू मी कुठं पाहिलं नाही, सुपाएवढी पानं आणि काळे देठ.

त्या अळवाला मान होता तो ऋषिपंचमीचा. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, नांगरलेल्या शेतातलं काही चालत नाही. परसात हातानं लावलेलं तेवढं खायचं. माणमध्ये आता बैल दाखवायलाही सापडणार नाही, पण पंचमीचा नेम पक्का आहे, आणि परसू उरलंय ते काकूंकडे. त्यामुळे भाऊकीतल्या सगळ्या बायका पंचमीला सकाळी काकूंच्या दारात येतात आणि काकू पदर खोचून, विळा घेऊन प्रत्येकीला अळवाची जुडी कापून देतात. त्यांच्या थोरल्या जाऊबाई एरवी काकूंच्या कशालाच चांगलं म्हणत नाहीत. त्यासुद्धा त्या दिवशी पदर पुढे करतात. काकू वर्षभर भाडं घेतात, त्या एका दिवशी देतात. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, गंमत म्हणून. ती गंमत नव्हती.

यंदा श्रावणात अळू बिघडायला लागलं. पानांच्या कडा तपकिरी, मग पिवळे ठिपके, नवी पानं तळहाताएवढी राहिली. काकू रोज वाकून बघायच्या. मी गॅलरीतून शहाणपण पाजळलं, "काकू, पाणी जास्त होतंय बहुतेक. मुळं कुजतात तशानं." त्यांनी माझं ऐकून आळ्याला चर काढून दिला. मग त्यांचा संशय सुनेवर गेला.

सून म्हणजे वहिनी. पिरंगुटच्या पलीकडच्या गावातली, कमी बोलणारी, घरचं सगळं उरकून उरवड्याच्या कारखान्यात पाकिटं भरायला जाणारी. तिच्यावर आरोप असा, की ती फरशी पुसल्यावर फिनेलचं पाणी मोरीत ओतते.

"मी न्हाई वतत. भाईर नेऊन टाकते," वहिनी म्हणाली.

"मंग काय आपसूक जळालं व्हय?"

हे भांडण मी जिन्यावर उभी राहून ऐकलं. सासू-सुनांच्या बाबतीत माझी मतं फार पुढारलेली आहेत. 'किती अन्याय करतात या बायका सुनांवर,' असं मी आईला फोनवर सांगितलंसुद्धा.

गणेश चतुर्थीला सुट्टी होती. काकूंकडचे मोदक खाऊन मी वर आले आणि दुपारी नवा बोर्ड करायला घेतला. छान झाला. उरलेलं निळं पाणी नेहमीसारखं मोरीत ओतलं आणि काकूंची मोदकाची ताटली परत करायला खाली गेले. काकू परसात होत्या. उद्याच्या जुड्या कुणाला किती पुरतील याचा अंदाज घेत होत्या, जरा बरी राहिलेली पानं बाजूला ठेवत होत्या. चार-पाच कापलीही होती. मी ताटली घेऊन त्यांच्यामागे उभी राहिले. आणि भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपातून, काकूंच्या पायाशी, अळवाच्या बुडात माझं निळं पाणी आलं.

थोडंसंच आलं. साध्या पाण्यात मिसळून फिकं झालं होतं. ज्याला ठाऊक नाही त्याला कपड्यांच्या निळीचं वाटलं असतं. काकूंना तसंच वाटलं असणार, त्यांनी बघितलंही नाही. गेले किती महिने मी ओतत होते ते सगळं डोळ्यांसमोरून गेलं, आणि त्याच्या मागोमाग ती शेवटची ओळ, अक्षरन् अक्षर.

गप्प बसता आलं असतं. काकूंना कळलं नसतं. पण उद्या ती पानं भाऊकीतल्या सगळ्या घरांत शिजणार होती आणि पंचमीच्या भाजीखेरीज त्या दिवशी बायका फारसं दुसरं काही खात नाहीत. किती तांबं पानात उतरलं असेल, त्यानं काही होईल की नाही, मला खरंच माहीत नव्हतं. आजही नाही. कदाचित काहीच झालं नसतं.

"काकू, थांबा," मी म्हणाले. "हे अळू कुणाला देऊ नका. खाऊ नका."

मी सगळं सांगितलं. एका दमात, उभ्या उभ्या, हातात ताटली. काकू विळा धरून ऐकत राहिल्या. त्यांना आधी कळेचना. मग हळूहळू चेहरा बदलत गेला.

"लिंबू-मीठच म्हनली व्हतीस की गं," त्या म्हणाल्या.

एवढंच. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी सॉरी म्हणाले, दोनदा-तीनदा म्हणाले. त्यांनी कापलेली पानं उचलली, उकिरड्याकडे दोन पावलं गेल्या, पुन्हा थांबल्या. "ढोरांनी खाल्लं तर?" असं स्वतःशीच म्हणाल्या आणि खड्डा करायला खोरं घेतलं. मी खोरं मागितलं. दिलं नाही. मग त्यांनी अळवाचे गड्डे उपटले, एकेक करून सगळे. मी ताटली घेऊन उभीच. मुलाला त्यांनी बाजारातून जुड्या आणायला पिटाळलं. कशाला, असं त्यानं विचारलं तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कीड लागलीया."

मला वाटलं, चला, कीड म्हणाल्या. कीड कुणाच्या अंगावर जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या. आंघोळी करून, केस ओले, हातात पिशव्या. काकूंनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि बाजारच्या जुड्या पुढे केल्या. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. खोलीत बसवेना म्हणून आले होते.

"ह्ये कुटलं?" थोरल्या जाऊबाईंनी पान उलटून बघितलं. "ह्ये तर इकतचं. नांगराचं."

"ट्रॅक्टरचं हाय," काकू म्हणाल्या. "बैल न्हाई लावला."

एरवी यावर सगळ्या हसल्या असत्या. थोरल्या उठून परसाच्या दारापर्यंत गेल्या आणि मोकळी जमीन बघून आल्या. "आवं, गेलं कुटं समदं? कीड लागली तर पान खाती, गड्डा उपटून नेती व्हय?"

सगळ्या काकूंकडे बघायला लागल्या. काकूंनी एकदा जिन्याकडे बघितलं. म्हणजे माझ्याकडे. मी तोंड उघडलं असतं तर तेव्हाच उघडायला हवं होतं. काकूंनी नजर काढून घेतली.

"काय सांगू," त्या म्हणाल्या. "सुनंनं फिनेल वतलं मोरीत. रोज वतायची. समदं जळून गेलं."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती ट्रे घेऊन पुढे आली आणि प्रत्येकीला वाकून चहा दिला. "आजकालच्या पोरींला काय हाय का त्याचं," थोरल्या म्हणाल्या. "हातानं लावायचं ठाऊक न्हाई, जाळायचं ठाऊक हाय." वहिनीनं त्यांनाही चहा दिला.

आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण वाटलं ते वाटलं. छातीवरचं ओझं उतरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं आणि मला श्वास घेता आला. मी जिना चढून वर गेले.

दुपारी काकू वर आल्या. त्यांना मी विचारलं, असं का केलंत? वहिनींचं नाव का घेतलंत? काकूंनी मोरीकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, मग बोलल्या.

"घरच्या मानसाला बोललं तर घरात ऱ्हातंय. तुझं नाव निगालं असतं तर गावभर झालं असतं. खोलीत काय काय करत्यात म्हून. समद्या खोल्या रिकाम्या करायला लावल्या असत्या पोरानं. आदीच त्यो म्हनत व्हता, एकट्या बाया ठिवू नगं म्हून." मग जरा थांबून, "सून काय, ती सोसती."

त्या चुकीचं काही बोलत नव्हत्या, त्यांच्या हिशेबानं. मला खोली मिळाली तीच मुळी त्यांच्या हट्टामुळे, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना वचन दिलं, निळं पाणी आता मोरीत जाणार नाही. त्या दिवसापासून ते कॅनमध्ये साठवते, त्यात लोखंडी काथ्या टाकते, तांबं खाली बसतं, गाळ वेगळा करून ठेवते. आधीच केलं असतं तर तासाभराचं काम होतं.

संध्याकाळी वहिनी ताट घेऊन आली. पंचमीची भाजी, वरी, काकडीचे तुकडे. तिनं ताट टेबलावर ठेवलं. टेबलावर माझा नवा बोर्ड वाळत पडला होता.

"वहिनी," मी म्हणाले, "ते अळू..."

"मला म्हायत हाय, ताई. आत्याबाईंनी सांगितलं."

"मला माफ करा."

ती बोर्डाकडे बघत होती. हात लावला नाही. "मला सांगून काय हुतंय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. सकाळपासून ती उभीच असणार. "मी तर व्हतेच की तितं. मला ठावंच हाय मी न्हाई वतलं. ज्यांला न्हाई ठावं त्यांला सांगायचं."

मी बरं म्हणाले. ती गेली. भाजी मी खाल्ली. चिंच कमी होती, घसा खाजला. कुणाला सांगायचंही तोंड नव्हतं.

मग गौरी बसल्या. पूजनाच्या दिवशी संध्याकाळी काकूंकडे हळदीकुंकू होतं आणि मी ठरवून गेले. नेसता येत नसताना साडी नेसून गेले. मधल्या दिवसांत मी ते वाक्य मनात इतक्यांदा घोळवलं होतं की ऑफिसातही ते तोंडात यायचं. खोली सोडावी लागली तर लागली, हिंजवडीत मैत्रिणीकडे राहीन, असाही बेत होता. खरं सांगायचं तर त्या बेतामुळे मला स्वतःबद्दल जरा बरंही वाटायला लागलं होतं.

सगळ्या बायका जमल्या होत्या, पंचमीच्याच. गौरींपुढे फराळाची ताटं, समया, दोन्ही मुखवट्यांना नव्या नथी. वहिनी करंडा घेऊन एकेकीला हळदकुंकू लावत होती. थोरल्यांची पाळी आली तशा त्या म्हणाल्या, "बघून लाव बाई. हळद हाय ना? का फिनेल?"

सगळ्या खळखळून हसल्या. काकूही हसल्या. वहिनीनं हळद लावली, कुंकू लावलं.

मी उठून उभी राहिले. "वहिनींनी काही ओतलं नव्हतं," मी म्हणाले. "अळू माझ्यामुळे गेलं. मी बोर्ड करते त्याचं पाणी मोरीत ओतलं. वहिनींचा काही संबंध नाही."

मला वाटलं, झालं. सांगितलं.

थोरल्यांनी मान कलती करून माझ्याकडे बघितलं, वर, खाली, त्या ओघळलेल्या साडीकडे. मग त्यांचा चेहरा मऊ झाला. तसा तो मी कधी पाहिला नव्हता. "बगा गं," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. "परक्याची लेक. भाड्यानं ऱ्हाती. पर सुनंला बोललं तर हिच्या काळजाला लागतंय."

"तसं नाही," मी म्हणाले. "खरंच मी..."

"आगं, तू काय वतनार? लिंबू आन् मीठ?" दुसरी एकजण म्हणाली. "तुझ्या काकूंनीच सांगितलंय आमाला. लिंबू-मिठानं अळू जळतंय व्हय कुटं?"

मी समजावायला लागले. तांबं विरघळतं, ते पाण्यात राहतं, मुळांतून वर जातं. पेरॉक्साइड म्हणाले, द्रावण म्हणाले. त्यांच्यातल्या एकीलाही ते पटेना. तांब्यानं कुणाचं वाईट झालेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्या कौतुकानं बघत राहिल्या. मी जितकं बोलत गेले तितकी मी त्यांच्या नजरेत चांगली होत गेले, आणि माझ्यासारख्या परक्या पोरीला जिच्यासाठी पदर पसरावा लागला ती वहिनी तितकीच खाली. मी काकूंकडे बघितलं. सगळी मदार आता त्यांच्यावर होती. त्यांनी नुसतं 'खरं हाय' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

काकू गौरीच्या पदराची चुणी सारखी करत होत्या. "लई गुनाची हाय पोर," त्या गौरीकडे बघून म्हणाल्या. "म्या म्हनत न्हाई का नेहमी."

वहिनी माझ्यासमोर आली. करंडा डाव्या हातात, उजव्या बोटाला कुंकू. मला टिळा लावायला तिला जरा टाचा उंचवाव्या लागल्या. तेवढ्या जवळून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशी, ती बोलली.

"बसा आता, ताई. आजून बोललात तर मीच तुमाला शिकवून धाडलं म्हनत्याल."

मी बसले. तिनं माझ्या हातावर फुटाणे ठेवले आणि पुढच्या बाईला हळद लावायला वळली.